माचीवरचे बावीस जण

पत्र

ताई, नमस्कार.

मी समाजशास्त्रात एम.ए. करते, शेवटचं वर्ष. लघुप्रबंधाचा विषय ‘आभासी जगातलं समूहजीवन’. त्यासाठी गेले पाच महिने मी एका माइनक्राफ्ट सर्व्हरवर आहे, म्हणजे ठोकळे रचून बांधायच्या ऑनलाइन खेळातल्या एका सामायिक जगात. आम्ही बावीस जण मिळून तिथे राजगड बांधतोय. कुणी साताऱ्याचा, कुणी डोंबिवलीचा, एक जण मस्कतला असतो. माझ्याकडे संजीवनी माची आहे. अळू दरवाजा अजून व्हायचाय.

अडचणी तीन. सर म्हणतात, खेळ हा काय अभ्यासाचा विषय आहे? घ्यायचंच असेल तर सेकंड लाइफ हे ऑनलाइन आभासी जग घे, त्यावर संदर्भ तरी मिळतात. मी तिथे जाऊन आले. फिरले तेवढ्या जागा ओसाड, बोलायला कुणी नाही.

दुसरी अडचण अशी की मी अभ्यास करते हे सर्व्हरवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर सगळे सावरून बोलले असते. चॅटचे चारशेच्या वर स्क्रीनशॉट जमलेत. दहावीतला एक मुलगा माझ्याबरोबर तट बांधता बांधता त्याच्या बाबांच्या आजारपणाबद्दल बोलला. ते माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण होईल. आता सांगू का? सांगितलं तर काढून टाकतील.

तिसरी अडचण आई. रात्री दोनपर्यंत खोलीत उजेड दिसला की म्हणते, लहानपणी दिवाळीत किल्ला करायचीस तेव्हा निदान अंगणात तरी असायचीस.

– माचीवरची

उत्तर

माचीवरच्या मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आईच्या बोलण्याला हसले. दुसऱ्यांदा तुझ्या एका वाक्यापाशी अडले: ‘सगळ्यात चांगलं प्रकरण होईल.’ त्याच्याकडे येतेच. आधी सरांचं उरकून घेऊ, ते सोपं आहे.

सरांना एक गोष्ट सांग. सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळातल्या पात्रांमध्ये एक रोग पसरला. खेळ बनवणाऱ्यांनी तो एका राक्षसाच्या गुहेपुरता ठेवला होता, पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो थेट भरवस्तीत आला. कमी ताकदीची पात्रं पटापट मरायला लागली. काही खेळाडू शहर सोडून पळाले, काही जण तिथेच थांबून दुसऱ्यांना बरं करत बसले, आणि काही महाभाग मुद्दाम रोग लावून घेऊन गर्दीत शिरले. दोन वर्षांनी एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या दोन संशोधकांनी त्यावर लेख लिहिला आणि तो छापून आला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संसर्गजन्य रोगांवरच्या भावंडात. २०२० च्या मार्चनंतर हीच तीन तऱ्हेची माणसं आपण सगळ्यांनी आपापल्या सोसायटीत पाहिली. खेळात माणसं काय करतात हे बघण्यासारखं असतं, एवढं सरांना पटायला हे पुरेसं व्हावं.

सेकंड लाइफबद्दल सर अगदीच चुकीचं बोलत नाहीत. २००३ साली ते जग सुरू झालं. तिथली घरं, कपडे, झाडं बहुतेक सगळी तिथल्या रहिवाशांनीच बनवलेली, आणि बनवणाऱ्याचा त्यावर हक्क राहील असं कंपनीने त्याच वर्षी जाहीर केलं. टॉम बोएलस्टॉर्फ नावाचा मानववंशशास्त्रज्ञ, ज्याने आधी इंडोनेशियात क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांत राहून त्यांचा अभ्यास, केलं होतं, तो २००४ ते २००७ या काळात सेकंड लाइफमध्ये घर बांधून राहिला आणि त्याने तिथेच क्षेत्रकार्य केलं. त्याचा आग्रह असा की त्या जगातल्या माणसांना त्या जगातच समजून घ्यायचं, बाहेर गाठून ‘तुम्ही खरे कोण’ असं विचारत बसायचं नाही. ही पद्धत तुझ्या कामाची आहे. पण संदर्भ मिळतात म्हणून कुणी ओसाड गावात बिऱ्हाड करत नाही. पद्धत बोएलस्टॉर्फची घे, गाव तुझंच ठेव.

आता आई. तुला ती तक्रार वाटली. मला तो तुझ्या प्रबंधाचा पहिला परिच्छेद वाटला.

दिवाळीचा किल्ला कसा व्हायचा ते आठव. परीक्षा संपली की दगड-विटा गोळा करायच्या, वर पोतं टाकायचं, चिखल कालवून थापायचा. अळीव, मोहरी पेरायची म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत उतार हिरवे होतात. महाराज सिंहासनावर, मावळे पायऱ्यांवर, आणि मावळ्यांशेजारी हटकून एखादी प्लास्टिकची मोटार, कारण ती घरात होती. याची शिकवणी कुणी लावली नव्हती. वाड्यातला मोठा मुलगा बुरूज कसा थापायचा ते दाखवायचा, पुढच्या वर्षी तू धाकट्याला दाखवायचीस. ज्याला चिखलात हात घालायचा नसायचा तो कडेला उभा राहून ‘तट वाकडा झालाय’ एवढंच म्हणायचा, आणि तोही त्या किल्ल्यातलाच असायचा.

हेन्री जेन्किन्स हा अमेरिकन अभ्यासक जिला सहभागाची संस्कृती म्हणतो ती याहून फार वेगळी नाही. २००६ साली मॅकआर्थर फाउंडेशनसाठी त्याने सहकाऱ्यांबरोबर एक अहवाल लिहिला. करून बघायला अडथळे कमी, केलेलं दाखवायला माणसं, जाणत्याने नवख्याला जाता जाता शिकवणं, अशा तिच्या खुणा त्यात दिल्या आहेत. त्यातलं एक म्हणणं मला फार आवडतं. प्रत्येकाने हातभार लावायलाच हवा असं नाही, पण मनात येईल तेव्हा लावता येईल आणि त्याची कदर होईल, हा भरवसा मात्र प्रत्येकाला हवा. कडेला उभा राहणारा आपला तो मुलगा जेन्किन्सने बरोबर हेरला होता. तेव्हा तुझा प्रबंध अमेरिकेतून सुरू करू नकोस, अंगणातून कर. जेन्किन्स दुसऱ्या पानावर आला तरी चालेल.

पण आईच्या बोलण्यात एक काटाही आहे, तो काढून टाकू नकोस. अंगणातला किल्ला येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचा. दूधवाला सायकलवरून पाय टेकवून बघायचा. शेजारच्या आजी मावळ्याची पडलेली तलवार उचलून ठेवायच्या. तुमच्या सर्व्हरवर यादीत नाव असेल त्यालाच आत घेत असतील. आईला दिसते ती तुझी पाठ आणि निळा उजेड. लुकासफिल्मने १९८६ मध्ये कमोडोर संगणकासाठी ‘हॅबिटॅट’ नावाचं जग केलं तेव्हा पडद्यावरच्या माणसाला आपलाच शब्द दिला, अवतार. आपल्या घरांत तो शब्द दुसऱ्याच कामाला येतो. केस विस्कटलेली तू रात्री दोनला पाणी प्यायला स्वयंपाकघरात येतेस तेव्हा आई म्हणत असेल, ‘काय हा अवतार!’ माचीवरचा तुझा अवतार तिने पाहिलेलाच नाही. तिला माहीत आहे तो एवढाच.

दुसरा फरक मालकीचा. अंगण आजोबांचं असायचं. माइनक्राफ्ट मायक्रोसॉफ्टचं आहे, २०१४ मध्ये अडीच अब्ज डॉलर मोजून घेतलेलं. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ऑर्कुट ही गप्पांची, मैत्रीची साइट बंद झाली आणि तिथल्या कितीतरी मराठी कट्ट्यांवरच्या गप्पा, भांडणं, कविता हळूहळू दिसेनाशा झाल्या. दिवाळीचा किल्लाही तुळशीच्या लग्नापर्यंत मोडतोच, पण तो केव्हा मोडायचा हे घरातलंच कुणीतरी ठरवतं. तुमच्या सर्व्हरचे पैसे कोण भरतं? त्याने भरणं थांबवलं तर राजगडाचं काय होईल? तू पत्रात लिहिलेलं नाहीस, बहुतेक विचारलंही नसशील. विचार. एक अख्खं प्रकरण तिथे पडून आहे.

आणि आता ते स्क्रीनशॉट.

इथे मी जरा कडक बोलणार आहे, त्याला कारण माझंच आहे. एम.ए.ला असताना (साल सांगत नाही, वय कळेल) मी लोकलच्या लेडीज डब्यावर लिहायचं ठरवलं. रोजची गाडी, रोजचा डबा, भाजी निवडणाऱ्या, भजन म्हणणाऱ्या बायका. चौथ्या सीटवर बसणाऱ्या एक बाई एकदा सासूबद्दल बोलल्या. मला उद्देशून असं नाही, डब्यालाच सांगितलं त्यांनी. मी घरी येऊन ते शब्दन्‌शब्द उतरवलं आणि कॉलेजच्या वार्षिक अंकात छापलं. नाव अर्थातच बदलून. तो अंक कुणाच्या तरी भाचीबरोबर डब्यात पोचला. बाई मला काहीसुद्धा बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पुढच्या डब्यात चढायला लागल्या. लेख चांगला झालाय असं कॉलेजात सगळे म्हणत होते.

आधी सांगितलं असतं तर सावरून बोलले असते, असं तू म्हणतेस. मीही स्वतःला हेच सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी की माणसं आठवडाभर सावरून बोलतात आणि मग विसरतात, कारण सतत सावरून बसायला फार कष्ट पडतात. बोएलस्टॉर्फनेही आपण अभ्यासक आहोत हे लपवलं नव्हतं, मुलाखतीआधी तो संमती घ्यायचा. तरी लोक त्याच्याशी बोललेच.

तुला वाटेल, तिथे सगळी टोपणनावंच तर आहेत. टोपणनावालाही अब्रू असते. लॅम्डामू नावाच्या ऑनलाइन जगात चित्रंसुद्धा नव्हती, नुसती अक्षरं. तिथे एका सदस्याने इतरांच्या पात्रांकडून, त्यांच्या मनाविरुद्ध, चारचौघांत अत्यंत किळसवाणी कृत्यं करवली, म्हणजे तशी वाक्यं पडद्यावर आणली. हे प्रकरण १९९३ मध्ये जगापुढे आलं. ज्या बाईच्या पात्राबाबत हे झालं ती त्याविषयी लिहिताना खरोखर रडत होती. मग वस्तीची सभा बसली, त्याला हाकलावं की नाही यावर वाद झाले, शेवटी एका व्यवस्थापकाने त्याला काढलं आणि पुढे तिथे मतदानाची रीत आली. नुसत्या अक्षरांच्या वस्तीत एवढं दुखू शकतं, तर तुमचा पाच महिन्यांचा शेजार आहे.

शिवाय टोपणनावाचंही टोपणनाव करून छापलंस तरी बावीसातल्या प्रत्येकाला कळणार की हे कुणाचे बाबा. आणि मुलगा दहावीत. आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्या प्रत्येकाला बालक धरतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. विद्यार्थ्याच्या प्रबंधाला ते कलम कितपत लागतं याचा कीस वकिलांना पाडू दे. तू ते प्रकरण लिहू नकोस. त्याच्या घरच्यांकडे परवानगी मागायलाही जाऊ नकोस, नाहीतर मुलगा रात्री कुठे जाऊन मन मोकळं करतो हे त्यांना तुझ्याकडून कळेल. सांगायचं की नाही ते त्याचं तो बघेल.

तो का बोलला, याचा मात्र विचार कर. तुम्ही दोघं तट बांधत होता. डोळ्याला डोळा न देता, हात कामात असताना माणूस बोलतो. माझ्या डब्यातल्या बाईही गवार मोडता मोडताच बोलल्या होत्या. एवढं निरीक्षण, कुणाचं नाव-गाव-आजार न देता, तू खुशाल लिही. ते तुझं आहे.

करायचं काय ते सांगते. सर्व्हर चालवणाऱ्याला आधी एकट्याला सांग, कारण घर त्याचं आहे. मग सगळे जमतात त्या रात्री सगळ्यांना एकदम. त्याआधी स्क्रीनशॉट पुसू नकोस. गुपचूप घेतलेलं गुपचूप पुसलं म्हणजे काही घडलंच नाही असं होतं. सांग, आणि मग त्यांना सांगूनच पूस. लिहिताना प्रबंधाची भाषा नको. साधारण असं लिही:

‘मी इथे आले ती कॉलेजच्या प्रबंधासाठी. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, चूक माझी. आपल्या चॅटचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत. आजपर्यंतचं कुणाचंही बोलणं मी वापरणार नाही, सगळे स्क्रीनशॉट पुसून टाकते. यापुढे ज्यांची हरकत नसेल अशा मोठ्यांशी वेगळं बोलेन आणि लिहिलेलं आधी त्यांना दाखवेन. ज्याला नको असेल त्याने नुसतं नको म्हणा, कारण विचारणार नाही. प्रबंध झाला नाही तरी माची मी पूर्ण करणार आहे.’

शेवटचं वाक्य खरं असेल तरच ठेव.

काढून टाकतील का? टाकतीलही. दोन-चार जण रागावतील हे धरूनच चाल, आणि समजूत घालायला मागे लागू नकोस. सरांनाही हे सगळं सांगावं लागेल, तिथे बोलणी बसतील. विद्यापीठात संशोधनाच्या नीतिनियमांची समिती असेल तर तिचा अर्ज आत्ताच भर. पाच महिने उशिरा भरलेला अर्जही न भरलेल्यापेक्षा बरा. आणि तुझी ही चूक प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात आली पाहिजे, तळटीपेत लपवलेली नव्हे.

तू म्हणशील, मग उरलं काय? अगं, संजीवनी माची उरली की!

राजगडाच्या तीन माच्यांमध्ये मला तीच सगळ्यात अक्कलहुशारीची वाटते. बाहेर एक तट, आत दुसरा, मधे माणूस जेमतेम जाईल अशी बोळ. बुरुजांनी चिलखत घातलेलं, म्हणजे बुरुजाबाहेर आणखी एक भिंत. डोंगराची सोंड वळेल तशी ही सगळी बांधणी वळत गेलेली. आणि माइनक्राफ्टचा ब्लॉक म्हणजे मीटरभराचा चौकोनी ठोकळा. त्याला वळता येत नाही, वीतभराचा फरक त्याला कळत नाही. जिने आणि स्लॅब वापरून थोडंफार निभावतं, पण चिलखती बुरूज त्यात कसा बसवणार? बोळ दोन ब्लॉकची केली तर माची फुगते. मग गडच दुप्पट मापाने बांधायचा का? पडलेला तट आज आहे तसा दाखवायचा की महाराजांच्या वेळी असेल तसा? ‘असेल तसा’ म्हणजे कसा, हे कुणी आणि कशावरून ठरवलं? दहा वेळा गड चढून आलेल्याचा शब्द शेवटचा, की ज्याचा ब्लॉकवर हात बसलाय त्याचा? मस्कतच्या गड्याने राजगड पाहिलाही नसेल, तो फोटोंवरून भांडत असेल, आणि कदाचित त्याचंच बरोबर निघत असेल.

जुलै २०२५ मध्ये राजगडासकट बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. गड म्हणजे काय हे त्या प्रस्तावात तज्ज्ञांनी मांडलं. तुमच्याकडे तेच बावीस जण रात्री अकरानंतर ठरवतात, भांडून, पाडून, परत बांधून. मला हे वाचायला आवडेल. यात कुणाच्या बाबांचं आजारपण लागत नाही.

सर्व्हरवर सगळं सांगून झालं की या भांडणांची नोंद नव्याने सुरू कर. कोणता ब्लॉक कुणी लावला, कुणी फोडला हे साठवून ठेवण्याची सोय बऱ्याच सर्व्हरवर असते. परवानगी मिळाली तर बघ. एकाच बुरुजाची किती वेळा पाडापाडी झाली एवढं मांडलंस तरी वादाचा नकाशा तयार होईल.

तुलनेसाठी मराठी विकिपीडियावर एक चक्कर मार. १ मे २००३ पासून चालू आहे. तिथे सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागेला ‘चावडी’ म्हणतात आणि नवख्याने गिरवून बघायच्या पानाला ‘धूळपाटी’. ही नावं ज्याने ठेवली त्याचे हात धरावेसे वाटतात. तिथल्या एखाद्या किल्ल्याच्या लेखाचं चर्चापान वाच. तिथे ‘मी डोळ्यांनी पाहिलंय’ याला काही किंमत नसते, छापील संदर्भ दे म्हणतात. तुमच्या सर्व्हरवर ‘मी डोळ्यांनी पाहिलंय’ म्हटल्यावर सगळे गप्प होत असतील. दोन्ही ठिकाणी लोक फुकट राबतात, दोन्ही ठिकाणी गडच उभा करतात, पण पुरावा कशाला म्हणायचं यावर त्यांचं जमत नाही. सरांना संदर्भांची हौस आहे ना? हे त्यांना आवडेल.

रात्री दोनबद्दल भाषण देत नाही. एवढंच कर की बांधून झालं की लगेच वीस मिनिटं वहीत लिहायचं. सकाळवर टाकलंस तर निम्मं विसरशील. म्हणजे वहीला वेळ राहावा म्हणून साडेबाराला खेळातून उठावंच लागेल. ज्या रात्री वही उघडावीशी वाटली नाही ती रात्र खेळाची. खेळ जरूर, फक्त ते तास प्रबंधाच्या खात्यावर मांडू नकोस.

राहिली आई. सर्व्हरवर सगळं सांगून झालं आणि तू अजून आत असलीस, तर एका रविवारी दुपारी तिला शेजारी बसव आणि कीबोर्ड तिच्या हातात दे. तटावरून दोनदा तरी खाली पडेल ती. हसू नकोस. अळू दरवाजा तसाही व्हायचाय, त्याचा पहिला ब्लॉक तिला लावू दे. सर्व्हर चालवणाऱ्याला विचारून, अर्थात.

– ताई